घमेल्यातली भिंतीवरची

“परत मोज,” सासूबाई म्हणाल्या.

“आत्ताच मोजलं, आई.”

“मग अजून एकदा मोज. तुझं काय जातंय?”

जात काहीच नव्हतं, पण वाकणं होत नव्हतं. मला आठवा सरत आला होता. मागच्या अंगणाच्या बुटक्या कठड्यावर घमेलं ठेवलेलं, त्याच्यासमोर पाटावर मी पाय पसरून बसलेली, डाव्या चिमटीत एक हिरवी काडी आणि उजव्या हातात कॉलेजातलं भिंग. सासूबाई मागं उभ्या राहून पदरानं माझ्या डोक्यावर सावली धरत होत्या. सावली नेमकी काडीवर पडत होती आणि ऊन माझ्या मानेवर. पण हे सांगायचा धीर मला तेव्हा नव्हता, लग्नाला वर्षच झालं होतं.

“चार,” मी म्हणाले. “एका पेरावर चार पानं.”

“मघाशी तीन म्हणालीस.”

“मघाशी दुसरी काडी होती.”

“म्हणजे झाड एक आणि प्रत्येक काडीचं मत वेगळं,” त्या म्हणाल्या. “आपल्याच घरचं आहे, शंका नको.”

आज ती मोजणी आठवली की हसू येतं. त्या वेळी मात्र दोघींनाही हसू सुचत नव्हतं, कारण त्या तीन-चारवर ढाल अवलंबून होती.

ढाल म्हणजे आमच्या पाचगणीच्या महिला उद्यान मंडळाची फिरती ढाल. होळीच्या आधीच्या रविवारी एका शाळेच्या सभागृहात झाडाफुलांचं प्रदर्शन भरायचं. गुलाबाला, शेवंतीला, कुंडीतल्या भाजीला लहानमोठी बक्षिसं होती, पण ढाल फक्त एका वर्गाला, कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांना. जिंकेल तिच्याकडे ती वर्षभर राहायची, आणि कुणी लागोपाठ तीनदा जिंकली तर तिची कायमची. दोन वर्षं ती हौसाकाकू कळंब्यांच्या घरी होती. टीव्हीच्या वर, डाव्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या फुलांमागं. हे सगळं सासूबाईंना त्या घरात पाऊल न टाकता माहीत होतं.

हौसाकाकू आमच्याच आळीत, वरच्या वळणावर राहायच्या. त्यांच्याकडे एक गोल निवडुंग होता, भाकरीच्या टोपलीएवढा, पिवळ्या काट्यांचा. गावात सगळे त्याला हौसाबाईंचा गोळा म्हणायचे. काकू आणि सासूबाई बोलत नसत. काकू आमच्या दारावरून जाताना तोंड पलीकडे करायच्या आणि सासूबाई अलीकडे. एकमेकींना दिसू नये म्हणून दोघी इतकं बारीक लक्ष ठेवायच्या, की कोण कधी बाजाराला गेली आणि पिशवीत काय घेऊन आली, हे दोघींना पाठ असायचं. कारण विचारलं तर घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. सुजय, माझा नवरा, म्हणायचा, “मी लहान होतो तेव्हापासून आहे. हवामान समजायचं.”

त्या वर्षी मंडळानं नवा नियम काढला होता. आदल्या प्रदर्शनात एका बाईंनी साध्या कोरफडीवर ‘विदेशी कॅक्टस’ लिहून दुसरा नंबर मिळवला होता आणि त्यावरून जी वादावादी झाली ती चहाचे कप फुटण्यापर्यंत गेली. तेव्हापासून चिठ्ठीवर झाडाचं शास्त्रीय नाव हवं, आणि नाव चुकलं तर झाड बाद.

आणि आमच्या झाडाला नावच नव्हतं. सासूबाई तिला ‘भिंतीवरची’ म्हणायच्या. राहायची ती घमेल्यात. कुठल्या भिंतीवरची, असं मी घरात आल्या आल्या विचारलं होतं. “होती एक भिंत,” एवढंच उत्तर मिळालं होतं.

तळाला गंजून भोकं पडलेलं ते जुनं घमेलं, त्यात जांभ्याचा चुरा, वाईहून आणलेली नदीची वाळू आणि मूठभर माती. त्यावर पोपटी गादी, काठावरून खाली लोंबणारी. पानं शिजलेल्या बासमतीच्या दाण्याएवढी, टच्च भरलेली. पावसाळ्यात सासूबाई तिला पागोळीच्या आत, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फळीवर ठेवायच्या आणि पाणी तोडायच्या. थंडीत ती उघड्यावर असायची. सकाळी पानांवर दव गोठायला आलेलं दिसायचं, ऊन आलं की पोरगी तोंड धुऊन उभी. झाडलोट करताना तुटलेला तुकडा फरशीच्या फटीत पडला तरी आठवडाभरात मूळ धरायचा. “हिला दुष्काळ मानवतो,” सासूबाई म्हणायच्या, “लाड मानवत नाहीत.”

तिला प्रदर्शनात न्यायचं माझ्या डोक्यात आलं. मी कराडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते आणि पुढचं शिक्षण लग्नात राहून गेलं होतं. इतकी देखणी गादी मागच्या अंगणात लपून बसलीय हे मला सहन होईना. सासूबाईंनी आधी ‘ती नको’ म्हणून साफ नकार दिला. मग दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “नाव सापडलं तर नेऊ.”

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी फोटो काढून कॉलेजातल्या बाईंना पाठवले, झाडवेड्या लोकांच्या गटात टाकले. हे सेडम आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुढं मात्र तीन नावं आली. अ‍ॅक्रे, लिनिअरे आणि मेक्सिकानम. मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी सोयरिकीची स्थळं ऐकावीत तशी ऐकली आणि विचारलं, “ओळखायचं कसं?”

मी सांगितलं, की अ‍ॅक्रेचं पान चावलं तर मिऱ्यासारखं तिखट लागतं. पुढचं बोलायच्या आत त्यांनी एक काडी तोंडात टाकली होती.

“आई, अहो, थुंका.”

“तू चाखायची नाहीस अशा दिवसांत. मग कुणी चाखायचं?” त्यांनी डोळे मिटून सावकाश चावलं. “तिखट नाही. पाणचट आहे. जून काकडी असते तशी.”

एक स्थळ गेलं.

उरली दोन. लिनिअरेची पानं चपटी आणि एकेका पेरावर तीन-तीन. मेक्सिकानमची पानं गोलसर आणि चार-चार. दोघींना फुलं पिवळी, चांदणीसारखी. म्हणजे फुलांवरून काही कळायचं नाही, पानंच मोजायची. म्हणून ती पाटावरची मोजणी. ज्या काडीवर तीन भरली होती तिच्यावर मी पुन्हा भिंग धरलं, तेव्हा चौथ्या पानाच्या जागी बारीक वण दिसला. पान गळून गेलं होतं. मी सासूबाईंना वण दाखवला. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मग लांब धरलं, मग परत जवळ, आणि म्हणाल्या, “आहे. होतं इथं कुणीतरी.”

तरी माझी खात्री पटत नव्हती. टोकाला कळ्या धरलेल्या काड्यांवर पानं चार नव्हती, तीन नव्हती, कशीही एकाआड एक वर चढलेली होती. ही आली कुठून हे समजलं तर काहीतरी धागा मिळेल, असं वाटत होतं.

संधी सासूबाईंनीच दिली. त्यांचं एक मोठं दुःख होतं, की मला डोहाळेच लागले नव्हते. कैरी नको, चिंच नको, भाजकी माती नको. त्या रोज दुपारी विचारायच्या आणि मी रोज काही नको म्हणायचे. शुक्रवारी त्या परातीत पीठ चाळत बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, काहीतरी सांग. आपल्या पार्टे घराण्याच्या सुनेला डोहाळा माहीत नाही असं व्हायला नको.”

“एक आहे,” मी म्हणाले. “पण खायचं नाही, ऐकायचं आहे. भिंतीवरची कुठल्या भिंतीवरची?”

चाळण थांबली.

“हा कसला डोहाळा?”

“पुरवला नाही तर बाळाची लाळ गळते म्हणे.”

हे मला त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, हाताचं पीठ झटकलं आणि उठून मागचं दार लावून कडी घातली.

“भिंतीवरचीला ऐकू जायला नको,” म्हणाल्या.

(माझ्या थोरलीची लाळ कधी गळली नाही. धाकटा आत्ता हे लिहिताना खांद्यावर झोपलाय आणि माझा खांदा ओला आहे. त्याच्या वेळी मला विचारायचं असं काही उरलंच नव्हतं.)

त्यांनी जे सांगितलं ते हळू आवाजात, दाराकडे बघत सांगितलं. त्या आणि हौसाकाकू एकाच महिन्यात लग्न होऊन या आळीत आल्या होत्या. दोघींना सासुरवास सारखाच, पाण्याची खेप एकत्र, एकीच्या घरी आमटी उरली की दुसरीच्या घरी जायची. हौसाकाकूंच्या जुन्या घराला पुढं काळ्या दगडांची, बिनचुन्याची गडग्यासारखी भिंत होती आणि तिच्या फटींतून ही पोपटी झालर लोंबायची. काकूंच्या सासूनं ती कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून कनवटीला लावून आणलेली.

सासूबाईंचा तिच्यावर जीव जडला. पण मागायची कशी? मागून घेतलेलं, हातानं दिलेलं रोप जगत नाही. ते चोरावं लागतं. आणि कुठून चोरलं हे एकदा तोंडातून गेलं की वाळतं. आमच्याकडे हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. चोरणारीला धीर लागतो आणि जिच्याकडून चोरायचं तिला समज लागते.

“हौसा धुणं वाळत घालत होती,” सासूबाई म्हणाल्या. “मी भिंतीपाशी जाऊन उगाच उभी. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोरीकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाली, ‘माझं काही लक्ष नाही बाई आज.’ मी काडी तोडली, पदरात घातली आणि धूम पळाले.”

त्या हसल्या. इतक्या वर्षांनी ती पळापळ त्यांच्या चेहऱ्यावर होती.

पुढं हौसाकाकूंनी नवीन घर बांधायला काढलं, जुनी भिंत एका दिवसात पाडली आणि तिच्याबरोबर भिंतीवरची राडारोड्यात गेली. काकू आमच्या मागच्या दारानं आल्या. एक काडी दे म्हणाल्या.

“मग दिली नाही?”

“हातानं कशी देऊ? मेली असती की. मी तिला कठड्यापाशी नेलं. घमेलं पुढं केलं आणि पाठ फिरवून उभी राहिले. किती वेळ उभी होते. वळून बघतेय तर हौसा नाही. काड्या सगळ्या जागच्या जागी.” त्यांनी चाळण उचलली. “दुसऱ्या दिवसापासनं बोलणं बंद. काय चुकलं, मला आजपर्यंत कळलं नाही.”

“विचारलं नाहीत?”

“तिनं सांगितलं का?”

मी म्हणाले, की मग निदान यंदा ढाल आपण जिंकायचीच, त्यांची खोड मोडायची. सासूबाईंनी मान हलवली.

“खोडबिड नाही गं. ढाल कायमची तिची झाली की ती प्रदर्शनाला येईल का? वर्षातनं तेवढा एक दिवस ती माझ्या समोरच्या टेबलाला उभी असते. तोंड फिरवून जायला जागा नसते तिथं.” मग एकदम दटावणीच्या आवाजात, “झाला ना डोहाळा? आता नाव शोध.”

नाव मी शनिवारी ठरवलं. घमेल्यातल्या बिनफुलाच्या काड्या एकेक करून तपासल्या. चार, चार, चार, एखाद्या ठिकाणी पाचसुद्धा. चिठ्ठीवर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सेडम मेक्सिकानम. अनसूया रामचंद्र पार्टे.’ सासूबाईंनी ते नाव स्वयंपाक करता करता पाठ केलं. मेक्सिको कुठं आहे विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, “एवढ्या लांबनं आली ती सगळी चोरीतच आली असणार.” आणि त्या आनंदात घमेल्याला बाहेरून गेरू लावला.

रविवारी सुजयनं जीप काढली. घमेलं सासूबाईंच्या मांडीवर, मी मागं लोडाला टेकून, आणि प्रत्येक खड्ड्याला सासूबाईंचे दोन हात, एक घमेल्यावर, एक मागं माझ्या गुडघ्यावर. सुजय म्हणाला, की यातलं नक्की कोण नाजूक आहे ते मला सांगा, म्हणजे तसा चालवतो.

सभागृहात पोचलो तेव्हा कळ्या मिटलेल्या होत्या. टेबल खिडकीजवळचं मिळालं. समोरच्या टेबलावर गोळा होता, लाल फितीसकट, आणि त्याच्यामागं हौसाकाकू. उंच, काटक, जांभळ्या काठाची साडी, नाकात चमकी. सासूबाईंनी घमेलं ठेवलं. काकूंची नजर त्यावर पडली आणि तिथंच राहिली. मग त्या वाकून गोळ्याची फीत सारखी करायला लागल्या, जी सारखीच होती.

ऊन खिडकीतून आत सरकलं. आधी एक कळी उघडली. मी सासूबाईंचं मनगट धरलं. मग दुसरी, मग एकदम पाचसहा, पिवळ्या चांदण्या, इतक्या झगझगीत की शेजारच्या टेबलावरच्या बाई आपलं झाड सोडून बघायला आल्या. सासूबाईंच्या मनगटातली नाडी मला माझ्या बोटांना लागत होती, आणि आत बाळ अशा काही लाथा मारत होतं, की जणू त्यालाही बघायचं होतं.

परीक्षक साताऱ्याहून आले होते. प्राध्यापक तांबोळी, मऊ बोलणारे, चष्मा कपाळावर सरकवून बघणारे. गोळ्यापाशी ते थांबले, मान डोलावली, वहीत टिपण केलं. आमच्यापाशी आले आणि “वा,” म्हणाले. मग चिठ्ठी वाचली आणि चेहरा पडला.

“ताई, हे मेक्सिकानम नाही. लिनिअरे आहे. बऱ्याच जणांची गल्लत होते.”

मी म्हणाले, की सर, पेरावर चार पानं आहेत.

त्यांनी फुलाची एक काडी हळूच वाकवली. “कुठं आहेत चार? बघा बरं तुम्हीच.” आणि खरंच नव्हती. एकाआड एक, कशीही. “झाड फार सुंदर आहे. पण नियम तुमच्याच मंडळाचा आहे.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मला बोलायचं होतं. सगळं माहीत होतं. पण परीक्षकांसमोर वाद घालायचा धीर होईना. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि पेन कागदावर टेकत होतं.

“साहेब.”

आवाज समोरच्या टेबलावरून आला.

“लिहायच्या आधी पोरगी काय म्हणतीय ते ऐकून घ्या,” हौसाकाकू म्हणाल्या. “अशा दिवसांत बाईला नाही म्हणू नये.”

कळंब्यांच्या हौसाबाई पार्ट्यांच्या घरच्या माणसासाठी बोलल्या, हे त्या सभागृहातल्या प्रत्येक बाईला कळलं. सासूबाईंचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. तांबोळी सरांनी पेन उचललं आणि म्हणाले, “बोला ताई.”

मग मला धीर आला. मी सांगितलं, की फुलाच्या काडीवर पानं विखुरतात, तिच्यावर मोजून उपयोग नाही. मोजायचं बिनफुलाच्या काडीवर. मी सासूबाईंना विचारलं, “आई, एक तोडू?” त्या म्हणाल्या, “तोड.”

मी खालची एक काडी तोडून सरांच्या हातात दिली आणि माझं भिंग पुढं केलं. त्यांनी काडी उजेडाकडे धरून सावकाश फिरवली.

“एक,” ते म्हणाले. “दोन. तीन.” काडी आणखी फिरली. “चार.”

खालचं पेर. चार. त्याखालचं. चार. गुलाबाच्या टेबलावरून कुणीतरी ब्लेड आणून दिलं. मी एक पान आडवं कापलं आणि काप त्यांच्या तळहातावर ठेवला. चपटा नव्हता. गोलसर, ओला, हिरव्या मण्यासारखा.

सर हसले, अगदी मोकळं. “माझ्या गच्चीत हेच आहे हो. मी आजवर सगळ्यांना लिनिअरे म्हणून वाटलं. आता घरी गेलो की आधी मोजतो.” मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, “पण तुमच्याकडे हे आलं कुठून?”

सासूबाईंनी ओठ मिटले. मला कळलं की त्या सांगणार नाहीत, ढाल गेली तरी सांगणार नाहीत. सर वाट बघत उभे.

“येतं की असंच,” समोरून हौसाकाकू म्हणाल्या. नजर गोळ्यावर. “झाडांचं काय सांगावं.”

दुपारी निकाल लागला. अनसूया रामचंद्र पार्टे, प्रथम क्रमांक, फिरती ढाल. मी टाळ्या वाजवता वाजवता रडले, सुजयनं शिट्टी मारली आणि त्याच्या आईनं त्याच्यावर तिथूनच डोळे वटारले. फोटोत सासूबाईंनी ढाल उलटी धरलीय. तो फोटो अजून आमच्याकडे आहे.

आवराआवर सुरू झाली. बायका कुंड्या उचलून निघाल्या, सुजय जीप आणायला गेला. हौसाकाकू आमच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. घमेल्याकडे बघत म्हणाल्या, “छान वाढवलीस.”

“हौसा,” सासूबाई म्हणाल्या, “त्या दिवशी का निघून गेलीस?”

काकूंनी एका चांदणीला बोट लावलं.

“मी मागायला आले आणि तू पाठ फिरवलीस. तोंडानं एक शब्द नाही. मला वाटलं, नीघ म्हणतीयस.”

“अगं बाई. तुला चोरता यावी म्हणून पाठ फिरवली.”

“ते मला घरी गेल्यावर सुचलं.” काकूंचा आवाज चढला आणि परत खाली आला. “पण अनू, माझ्याच भिंतीवरची ती. माझंच मी चोरायचं होय? आपलं आपण घेतलं तर ती चोरी होते का? ती जगली असती का?”

हे सासूबाईंच्या मनात एवढ्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं, आणि काकूंच्या म्हणण्यात काही चूकही नव्हती. हातानं द्यायची सोय नाही आणि चोरायचीही सोय नाही. दोघी घमेल्याकडे बघत राहिल्या.

मग सासूबाईंची नजर चिठ्ठीवर गेली. तिला आता निळी फीत टाचलेली होती.

“वाच,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चिठ्ठी वाच.”

काकूंनी चष्मा लावला. “सेडम,” त्या अडखळत वाचायला लागल्या, “मेक्सि… पुढचं राहू दे. अनसूया रामचंद्र पार्टे. प्रथम क्रमांक.”

“खाली?”

“खाली मंडळाचा शिक्का आहे.”

“मग? कुणाची झाली?”

काकूंनी चिठ्ठीकडे बघितलं. सासूबाईंकडे बघितलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, नाकातली चमकी हलली.

सासूबाईंनी ढाल काखेत मारली, माझं कोपर धरलं आणि मला गरकन फिरवून गुलाबांच्या टेबलाकडे तोंड करून उभं केलं.

“तो पिवळा गुलाब बघ गं केवढा फुललाय,” त्या सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “माझं काही लक्ष नाही बाई आज.”

गुलाब लाल होता.

मागं काही झालं नाही. मग काचेची बांगडी घमेल्याच्या काठाला लागली. मग अगदी बारीक, टच्. माझी मान आपोआप वळायला लागली, तशी सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला.

“बघू नकोस,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या. “मरेल ती.”

आम्ही तशाच उभ्या राहिलो. चपलांचा आवाज आला, आधी दबकत, मग भरभर, मग चक्क पळत, पायऱ्यांवरून खाली, आणि कुणीतरी हसत होतं. म्हातारं माणूस नव्हतं ते. पाण्याच्या खेपेला जाणाऱ्या पोरी तशा हसतात.

वळलो तेव्हा दारात कुणी नव्हतं. समोरच्या टेबलावर लाल फितीसकट गोळा तसाच राहिला होता.

“विसरली की,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ढाल माझ्या हातात कोंबली आणि पदर खोचला. “आता हा नेऊन द्यायला मलाच जावं लागणार. काय कटकट आहे बघ.”

आणि त्या काट्यांची पर्वा न करता गोळा दोन्ही हातांनी उचलून, जीपची वाटही न बघता, वरच्या वळणाच्या दिशेनं चालायला लागल्या.